जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि टोप्या घातलेली अक्षरं

जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम वापरायला लागून चार महिने झाले आणि मंडळातल्या तिघीचौघींनी वेगवेगळं गाठून विचारून झालं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी कोण तर कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहणारी, वय ५६, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणारी आणि महिला मंडळाचा हिशोब ठेवणारी बाई. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे एमएससीआयटी, ते पण २००६ सालचं, आणि त्यातलं आता पक्कं आठवतं ते फक्त कंट्रोल-झेड. तेव्हा इथे टेक्निकल काही मिळेल असं समजून वाचायला बसू नका, माझ्यासारखीला काय जमलं आणि कुठे रडू आलं एवढंच आहे.

लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, ती शिकून बाहेर गेली आणि हा माझ्या वाट्याला आला. चालू करून मी कुकर लावायचे, तीन शिट्ट्या व्हायच्या तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायचा, आणि दिसला म्हणजे चालू झाला असं नाही, त्यानंतर वरण फोडणीला टाकेपर्यंत काही क्लिक करायचं नाही हा नियम. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. ११ टाकावं तर त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची काहीतरी चिप लागते. आमचा चौथीतच राहिलेला, आठवीत कुठून बसवणार.

दिवाळी तोंडावर होती म्हणून तेव्हा हात लावला नाही, फराळ संपला की बघू म्हटलं. मग नोव्हेंबरात घेऊन गेले एका दुकानात, नाव सांगत नाही. तिथल्या मुलाने झाकण उघडून पण बघितलं नाही. "काकू, हा भंगार आहे, एक्स्चेंजला पंधराशे देतो, नवीन घेऊन टाका." नवीन केवढ्याला तर बेचाळीस हजार. अरे बाबा मी बेचाळीस हजारांच्या चकल्या तळायच्या म्हणजे किती तेल लागेल ते तुला माहितीये का. घेतला पिशवीत घातला आणि परत आले.

माझा भाचा बाणेरला राहतो, हिंजवडीला नोकरी. कॉलेजात असताना मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसला ग्नूनिफाय म्हणून लिनक्सवाल्यांचं संमेलन व्हायचं तिथे जायचा, तेव्हापासून लिनक्स लिनक्स करत असतो आणि आम्ही सगळे हो हो करून विषय बदलत असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला मावशी तू दहा वर्षं लिनक्सच वापरतेयस, तुझ्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या पोटात तेच आहे, आणि पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म नावाचा महासंगणक आहे तोही लिनक्सवरच चालतो. मी म्हटलं महासंगणकाचं राहू दे, माझी फराळाची यादी उघडेल का ते सांग.

रविवारी आला एक पेनड्राइव्ह घेऊन. हा भाग मला खरंच आवडला म्हणून जरा सविस्तर सांगते. लिनक्स मिंटची फाइल फुकट मिळते, साधारण ३ जीबीची आहे, ती एका छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही हां, ती चूक मी आधी स्वतः करून बघितली होती. मग लॅपटॉप बंद करून, पेनड्राइव्ह लावून, चालू करताना एक बटण टकटक टकटक दाबत राहायचं, आमच्याला एफ१२ आहे, दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं असतं. मग एक यादी येते त्यात पेनड्राइव्ह निवडायचा. की झालं, पूर्ण मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या डिस्कला हात पण लागत नाही. ब्राउझर, ऑफिस, गाणी, सगळं उघडून बघा, नाही आवडलं तर बंद करा पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जसंच्या तसं. साडी घेण्याआधी खांद्यावर टाकून बघतो ना तसं. पेनड्राइव्हवरून चालतं म्हणून हळू असतं जरा, पण तरी आमच्या कुकरपेक्षा लवकर.

मिंट तीन प्रकारात येतं. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. मिंट म्हणजे पुदिना, सिनॅमन म्हणजे दालचिनी, मी म्हटलं हा आपल्याच खात्यातला विषय दिसतोय. माते हे दक्षिण अमेरिकेतल्या लोकांचं चहासारखं पेय आहे म्हणे. तिसऱ्याला मात्र कोणी धड नाव ठेवलं नाही आणि नेमकं तेच सगळ्यात हलकं, जुन्या मशीनला तेच बरं, म्हणून ते घेतलं. २२.२ व्हर्जन. त्याला २०२९ पर्यंत अपडेट येत राहणार आहेत, म्हणजे लॅपटॉप आधी जाईल.

तर भाचा म्हणाला घाई करू नको, आधी डिस्क बदलू. हे मी ठळक अक्षरात लिहिणार होते. जो काही वेग आलाय त्यातला निम्मा मान एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कला द्या, उगाच सगळं लिनक्समुळे झालं असं मी सांगणार नाही. शनिवारी वनाझहून मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरलो आणि चालत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली ती. २४० जीबीची एसएसडी १,७०० रुपये आणि जुनी डिस्क घालायला एक यूएसबीची डबी २५० रुपये. येताना मंडईत मटार स्वस्त होते ते घेतले, हे रिव्ह्यूत येत नाही पण तीन किलो घेतले.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून यांच्या चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने लॅपटॉप उघडला. बारा स्क्रू निघाले. परत बसवताना अकरा बसले. लॅपटॉप व्यवस्थित चालतोय, त्यामुळे तो बारावा कुठला होता हे आजतागायत कळलेलं नाही, मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या शेजारी ठेवलाय.

इन्स्टॉल करणं म्हणजे पाच-सहा प्रश्नांची उत्तरं. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, डिस्क पूर्ण पुसू का. या शेवटच्या प्रश्नाला भल्याभल्यांचे हात थांबतात, आमचे थांबले नाहीत कारण जुनी डिस्क बाहेर डबीत होती आणि नवी कोरी होती. एका स्क्रीनवर जगाचा नकाशा येतो, मी बरोब्बर पुण्यावर बोट ठेवून क्लिक केलं तर खाली नाव आलं कोलकाता. दोनदा केलं, तेच. पूर्ण देशाची वेळ कोलकाता नावानेच नोंदवलेली असते म्हणे. पुण्यातल्या माणसाला हे पचायला जरा जड आहे पण असो. पंधरा-वीस मिनिटांत झालं सगळं. आधी मी मराठी भाषा निवडली होती हौसेने, पण भाषांतर अर्धवट आहे, एक मेनू मराठी तर त्याच्या आतला इंग्रजी, आणि यूट्यूबवर काही शोधलं की सगळे इंग्रजी नावं सांगतात, मग दोन दिवसांनी इंग्रजीवर आणून ठेवलं.

आता रडारडी. भाचा गेला आणि माझ्या लक्षात आलं की वायफायच नाहीये. त्याने त्याच्या फोनला केबल लावून काम केलं होतं आणि केबल घेऊन गेला. आमच्या लॅपटॉपमधली वायफायची चिप अशी आहे की तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. आणि ड्रायव्हर उतरवायला काय लागतं? इंटरनेट. म्हणजे किल्ली घरात आणि दार बाहेरून बंद. रात्री साडेदहाला फोनवर त्याने सांगितलं, तुझा फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. केलं, लगेच नेट आलं, काही टाकावं लागलं नाही. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर म्हणून आहे तो उघडला, त्याने स्वतःच चिप ओळखून एक ड्रायव्हर सुचवला, त्याच्यासमोरचा ठिपका निवडला, पासवर्ड, रीस्टार्ट, वायफाय हजर. दहा मिनिटांचं काम होतं पण त्याआधीच्या दोन तासांत मी त्या दुकानातल्या मुलाला मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं. तेव्हा पेनड्राइव्हवरून चालवून बघाल तेव्हाच वायफाय, आवाज, कॅमेरा, तिन्ही तपासून घ्या, नंतर नाही.

दुसरं, बॅकअप. मी शहाण्यासारखा डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचा घेतला होता, आणि फराळाची यादी, गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाला कमी तिखट, कोणाला शंकरपाळे साजूक तुपातले, ती फाइल होती डेस्कटॉपवर. "फराळ फायनल २ खरी फायनल" नावाची. डेस्कटॉप हा पण एक फोल्डर असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डिस्क पुसली असती तर गेलीच होती. जुनी डिस्क डबीतून लावली, मिंटने उघडली, फाइल मिळाली. फक्त त्या डिस्कवर काही लिहू देईना, कारण विंडोज आधी पूर्ण बंद झालेलं नव्हतं, अर्धं झोपलेलं होतं, अशा वेळी मिंट नुसतं वाचू देतं. मला वाचायचंच होतं. आता ती डिस्क कपाटात साड्यांच्या खाली आहे आणि कोणी काही म्हणालं तरी मी ती वर्षभर पुसणार नाहीये.

आणि आता मुख्य गोष्ट, जी मला कोणीच आधी सांगितली नाही, भाच्यानेसुद्धा नाही कारण तो मराठीत टाइप करतच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी उघडली. वर्ड फाइल होती, मिंटमधल्या लिब्रे ऑफिसमध्ये उघडली पण छान, आणि आत काय तर डोक्यावर टोप्या घातलेली, पायाला शेपट्या लावलेली रोमन अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. मराठीचं एक अक्षर नाही. मला वाटलं व्हायरस. दुसरी उघडली तेच. यांनी २००९ साली रात्री जागून टाइप केलेलं भोंडल्याच्या गाण्यांचं पुस्तक, चौऱ्याऐंशी पानं, सगळं टोप्याच टोप्या.

भानगड अशी आहे. युनिकोड सगळीकडे यायच्या आधी आपल्याकडे मराठी टायपिंगची जी सॉफ्टवेअरं होती ती मराठी अक्षरं साठवायचीच नाहीत. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट आहे तोपर्यंत मराठी, फॉन्ट काढला की खालचा खरा चेहरा दिसतो. युनिकोडमध्ये तसं नाही, त्यात क ला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कुठलाही लावा क हा क च राहतो. म्हणजे ही चूक लिनक्सची नाही, नवीन विंडोजवर तो फॉन्ट न टाकता उघडली असती तरी असंच दिसलं असतं. इतकी वर्षं तो फॉन्ट त्या लॅपटॉपवर गुपचूप बसलेला होता म्हणून कळलं नाही एवढंच.

उपाय, जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स म्हणून फोल्डर आहे तिथून तो फॉन्ट उचलायचा आणि मिंटमध्ये आपल्या होम फोल्डरात डॉट-फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात ठेवायचा. डॉट म्हणजे नावाच्या आधी टिंब. मी फोल्डर केला, गायब. परत केला तर म्हणतं या नावाचा आधीच आहे. कुठे आहे? दिसत तर नाही. तीन वेळा झालं हे, तिसऱ्यांदा मी लॅपटॉपशी मोठ्याने बोलायला लागले तेव्हा हे आतून आले. मग कळलं, टिंबाने सुरू होणारं नाव असलं की ते लपवलेलं असतं, कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. दिसलं. फॉन्ट टाकला, फाइल बंद करून उघडली, भोंडल्याचं पुस्तक जसंच्या तसं. खरं सांगते हायसं वाटलं.

पण हा तात्पुरता उपाय झाला, कारण ती फाइल मैत्रिणीला पाठवली की तिच्याकडे परत टोप्या. म्हणून थोडं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं, त्यात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, र्‍हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, म्हणून बाकीचं मी सरळ नव्याने टाइप करतेय. रोज दोन पानं. बावन्न झाली.

टाइप कशाने, हे पण विचारलं होतं एकीने. आपोआप येत नाही, सेट करावं लागतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हा वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन म्हणून एक जोडपॅकेज आहे ते घ्यायचं, मग इनपुट मेथडमध्ये आयबस निवडून लॉगआउट-लॉगिन करायचं, मग मराठी जोडायचं. मराठीचे बरेच पर्याय येतात. इनस्क्रिप्ट हा सरकारी, परीक्षा वगैरे देणाऱ्यांना सवयीचा. मला लागतो तो इंग्रजी स्पेलिंगने लिहायचा, त्यात गमभन नावाचाच एक आहे, मोठा एन दाबला की ण, मोठा एल दाबला की ळ, दोन दिवसांत हात बसला. इंग्रजी-मराठी अदलाबदल करायला विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि स्पेस. त्या बटणाला लिनक्सवाले सुपर म्हणतात, विंडोज म्हणायचं नाही त्यांना. हे सेटिंग पहिल्यांदा कोणाकडून तरी करून घ्या, नाही तर संध्याकाळ जाते.

बाकी रोजचं? रोजचं सांगण्यासारखं काही नाही, चालतं. पंचवीस सेकंदात चालू होतो. लाइट बिल, महापालिकेचा मिळकत कर, बँक, सगळं ब्राउझरमध्येच आहे त्यामुळे खाली काय आहे याने फरक पडत नाही. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी वेगळं ॲप नाही, ब्राउझरमध्ये वेब उघडायचं, पण मिंटमध्ये वेब ॲप्स म्हणून एक सोय आहे तिने त्याचा स्वतंत्र आयकॉन करता येतो, मी केलाय. मुलीशी व्हिडिओ कॉल नीट होतो. प्रिंटर जोडला तर त्याने न विचारता ओळखला, विंडोजवर याच प्रिंटरची सीडी शोधत मी माळा उपसला होता. हिशोबाची एक्सेल शीट लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली, लाखाचा स्वल्पविराम आधी मिलियनसारखा पडत होता, सेटिंगमध्ये लोकेल इंग्लिश इंडिया केल्यावर बरोबर पडायला लागला. वर्डच्या फाइलींमध्ये मंगल फॉन्ट वापरला असेल तर तो इथे नसतो, दुसरा लागतो आणि ओळी इकडच्या तिकडे होतात, एका पानाची नोटीस दीड पानाची होते. पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा.

४ जीबी रॅमची मर्यादा आहे ती आहेच. नुसता चालू असताना एक जीबीच्या आत खातो पण फायरफॉक्समध्ये दहा-बारा टॅब उघडले की धापा टाकायला लागतो. जादू नाही होत. आणि ज्यांचं काम टॅलीवर किंवा फोटोशॉपवर आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, ती सरळ सरळ इथे चालत नाहीत, कोणी वाइन-बिइनने, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायच्या सोयीने, चालवून दाखवतो म्हणाला तर त्याला रोज घरी यायला सांगा.

अपडेट येतात तेव्हा खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं, आपण म्हणू तेव्हाच होतात, मधेच लॅपटॉप बंद करून पंधरा टक्के झालं सोळा टक्के झालं असं बसवून ठेवत नाही. टाइमशिफ्ट म्हणून एक आहे, त्याने सिस्टिमचा फोटो काढल्यासारखं होतं, काही बिघडलं तर मागच्या तारखेला जाता येतं. भाच्याने ते लावून दिलंय, अजून गरज पडली नाही. पण फाइलींचा बॅकअप तो नव्हे, त्या वेगळ्या ठेवायच्या, डेस्कटॉपवरच्या धरून. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहायची वेळ चार महिन्यांत दोनदा आली, दोन्ही वेळा भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ओळ चिकटवली. पासवर्ड टाकताना चांदण्या दिसतात, बऱ्याच लिनक्समध्ये त्या पण दिसत नाहीत आणि माणूस कीबोर्ड बिघडला समजतो म्हणे. मला मार्क द्यायला सांगाल तर पाचपैकी चार, एक मराठी टायपिंगचा कापला.

यांची एकच तक्रार होती, पत्ते कुठे गेले. निवृत्तीनंतर रोज दुपारी सॉलिटेअर हा नेम. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आयलरायट म्हणून मिळाला, त्यात एक नाही ढीगभर प्रकारचे पत्ते आहेत, फुकट, मधे जाहिराती नाहीत. आता मला लॅपटॉप दुपारी चारनंतरच मिळतो.

आणि भाच्यासारखं कोणी घरात नसेल तर पुण्यात प्लग म्हणून लिनक्सवाल्यांचा जुना ग्रुप आहे, तिथे विचारा, ही माणसं आपल्याला सांगण्यासाठी आसुसलेली असतात, फक्त एका प्रश्नाची तीन उत्तरं मिळतील याची तयारी ठेवा.

सध्या अडलंय ते बॅटरीपाशी. वायर काढली की बारा मिनिटांत मान टाकतो, अकरा वर्षांची बॅटरी, तिला लिनक्स तरी काय करणार. येत्या शनिवारी परत मेट्रोने तपकीर गल्लीत जायचंय, जाताना तो बारावा स्क्रू पण पर्समध्ये टाकून नेणार आहे, कोणी ओळखला तर बघू.